मंदीतील पुरवठादार: सिस्को आणि ल्यूसंट शेजारीशेजारी

मंदीत कंपन्या हात आखडता घेऊ लागल्या की नव्या यंत्रणांची खरेदी आधी पुढे ढकलली जाते, आणि त्या यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीचा शेअर ठेवावा की विकावा, हा प्रश्न गुंतवणूकदाराला भेडसावू लागतो. ज्याला हा निर्णय घ्यायचा आहे, त्याने अमेरिकेतील २०००-०१ ची दूरसंचार क्षेत्राची घसरण जरूर अभ्यासावी.

त्या काळात संगणक-जाळ्यांची उपकरणे बनवणाऱ्या सिस्कोचा शेअर सुमारे ८० डॉलरवरून २००२ मध्ये १० डॉलरच्या खाली आला, तर दूरध्वनी कंपन्यांना उपकरणे पुरवणाऱ्या ल्यूसंटचा त्याच वर्षी एका डॉलरच्याही खाली गेला. नुसता घसरता भाव पाहणाऱ्याला सुरुवातीला दोघांचे दुखणे एकच वाटले असेल. प्रत्यक्षात ते अगदी वेगळे होते.

सिस्कोचा अंदाज चुकला होता. मागणी वाढतच राहील असे गृहीत धरून तिने सुट्या भागांचा मोठा साठा केला आणि २००१ मध्ये दोन अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा माल तोट्यात धरावा लागला. तो फटका जबर होता. पण दीर्घ मुदतीचे कर्ज नव्हते आणि रोकड भरपूर होती, त्यामुळे कंपनी तगली.

ल्यूसंटचे दुखणे खोलवरचे होते. आपला माल खपावा म्हणून ती ग्राहकांना स्वतःच कर्ज देत असे. अशा व्यवहारात विक्री वहीत चढते, पैसा मात्र हातात येत नाही, आणि ग्राहक बुडाला की माल व कर्ज दोन्ही जातात. विनस्टार या तिच्या ग्राहक कंपनीने एप्रिल २००१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा नेमके हेच घडले. त्याआधी, डिसेंबर २००० मध्ये, ल्यूसंटने सरलेल्या तिमाहीची आधी जाहीर केलेली विक्री ६७.९ कोटी डॉलरने कमी केली होती. २००६ मध्ये ती अल्काटेल या फ्रेंच दूरसंचार उपकरण कंपनीत विलीन झाली.

माझ्या मते साठ्याची चूक एखाद-दुसऱ्या वर्षात भरून निघू शकते. उधारीवर उभ्या केलेल्या विक्रीबाबतची शंका मात्र गंभीर मानून बाहेर पडावे. अर्थात, सिस्कोचा शेअर ८० डॉलरला घेणाऱ्यालाही तो भाव पुन्हा दिसायला दोन दशकांहून अधिक काळ लागला, म्हणून कंपनी भक्कम असली तरी खरेदीची किंमत तपासावीच लागते.

वार्षिक अहवाल उघडल्यावर विक्री आणि येणी (ग्राहकांकडून अजून यायचे पैसे) यांची वाढ जोडीने पाहावी. विक्री जागच्या जागी असताना येणी फुगत असतील, तर ताळेबंदाच्या टिपांमध्ये ग्राहकांना दिलेली कर्जे आणि त्यांच्यासाठी घेतलेल्या हमी शोधाव्यात.