खटका मागे की बाजूला?

दणकट टॉर्च घ्यायची म्हटली की आपण सगळे आधी लुमेन, म्हणजे एकूण उजेड किती याचा आकडा, बघतो. मीही तेच केलं होतं. पण दोन टॉर्च पाच वर्षं आलटूनपालटून वापरल्यावर हात आपोआप एकीकडेच जायला लागला, आणि त्याचं कारण लुमेन नव्हते. कारण होतं खटका: तो कुठे आहे आणि कसा आहे, एवढंच.

कंपन्यांची नावं घेत नाही, कारण या दोन जातीच आहेत आणि प्रत्येक जातीत डझनभर मॉडेलं सापडतील. एक मागच्या खटक्याची. सरळ नळी, १८६५० मापाचा चार्जिंगचा सेल, शेपटाला रबरी टोपीखाली एकच बटण, उजेडाच्या तीन पायऱ्या, तोंडाला दातेरी कडं. फौजेसाठी बनवलीय हे लांबूनही कळतं. दुसरी बाजूच्या खटक्याची. जरा जाड, २१७०० हा त्याहून मोठ्या मापाचा सेल, मानेजवळ सपाट इलेक्ट्रॉनिक बटण, काजव्याएवढ्या उजेडापासून डोळे दिपवणाऱ्या झोतापर्यंत सहा पायऱ्या, अंगातच टाइप-सी चार्जिंग, बुडाला लोहचुंबक. पाण्यात पडणं, खडकावर आपटणं, अंगावरचा कडक मुलामा यांत दोघी सारख्याच. दोन्ही माझ्या हातून पडल्या आहेत, दोन्ही चालू आहेत.

लुमेनचं एकदाच बोलून घेऊ. खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा खोटा नसतो, पण तो टॉर्च लावल्यानंतर ३० सेकंद ते २ मिनिटं या काळात मोजलेला असतो; टॉर्चचे आकडे कसे मोजायचे हे ठरवणाऱ्या एफएल१ मानकाचा नियमच तसा आहे. पुढे अंग तापलं की टॉर्च स्वतःहून उजेड उतरवते. बाजूच्या खटक्याच्या टॉर्चवर आकडा दुसरीच्या जवळपास दुप्पट आहे, पण पाच मिनिटांनी दोन्ही एका भिंतीवर मारल्या तर फरक शोधावा लागतो. किती तास चालेल हा आकडाही तसाच फसवा, कारण उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ त्यात धरतात. अंतराचा आकडा त्यातल्या त्यात कामाचा. २०० मीटर लिहिलं असेल तर २०० मीटरवर ०.२५ लक्स उजेड पडतो, म्हणजे निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याइतका. चांदण्यात तेवढ्या लांबून माणूस आहे की झुडूप हे तुम्हाला ओळखता येत असेल तर उत्तम. मला येत नाही, म्हणून मी तो आकडा निम्मा धरतो. आणि अंतर दुप्पट हवं तर कँडेला, म्हणजे झोताची तीव्रता, चौपट लागतात. १०,००० कँडेलाला २०० मीटर, ४०,००० ला ४००.

झोताच्या बाबतीत दोघींचे स्वभाव वेगळे आहेत. मागच्या खटक्याचीचा झोत बारीक आणि लांब जाणारा. समोरच्या उतारावर वाट कुठे वळते ते ती दाखवते. दुसरीचा झोत पसरट. पायाखालचं आणि कडेचं एकदम दिसतं, त्यामुळे तासन्‌तास चालायला तीच बरी. धुक्यात दोघींनीही वैताग दिलाय. डोळ्यांजवळ धरली की समोर पांढरी भिंत उभी राहते. कमरेखाली धरून झोत जमिनीलगत सोडला तर चार पावलांची वाट मिळते, त्यात लुमेनचा काही संबंध नाही.

सेलमध्ये बाजूच्या खटक्याची पुढे आहे, हे कबूल. २१७०० मध्ये ५,००० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) भरतात, १८६५० मध्ये चांगल्यात चांगला ३,५०० च्या आसपास. मागच्या खटक्याचीत मात्र अडीअडचणीला दोन सीआर१२३ए, म्हणजे छोटे लिथियम सेल, बसतात (माझ्या मॉडेलात, सगळ्यांना ६ व्होल्ट झेपत नाहीत, पुस्तिकेत बघून घ्या). हे सेल चार्ज होत नाहीत, पण कपाटात दहा वर्षं पडून राहिले तरी दम टिकवून असतात, आणि चार्जिंगचे सेल थंडीत गारठतात तसे हे गारठत नाहीत. मी दोन सेल टेपने गुंडाळून सॅकच्या तळाशी ठेवलेत. अजून वापरायची वेळ आलेली नाही, तरी त्यांच्यामुळे मी निवांत असतो.

आता ज्या गोष्टीने माझ्यापुरता निकाल लावला, ती.

रात्री वर चढायचं होतं. दुपारी निघालो तेव्हा बाजूच्या खटक्याची टॉर्च सॅकच्या वरच्या कप्प्यात टाकली, पूर्ण चार्ज करून. अंधार पडल्यावर कप्प्यात हात घातला तर आधी वास आला, इस्त्री कपड्यावर विसरल्यावर येतो तसा. टॉर्च हाताला चटका बसेल इतकी गरम होती. सॅकच्या पावसाळी कव्हरची घडी काचेला टेकलेली होती, आणि घडीच्या चार पदरांतून आरपार एक गोल भोक, कडा वितळून कडक झालेल्या. चालताना डब्याची कड बटणावर दाबली जात असणार. सपाट बटण, हलका स्पर्श, बाकी काम सेलने केलं. खटका दाबून पाहिला; लाल ठिपका दोनदा लुकलुकला आणि विझला.

पॉवरबँक होती. सोबत केबल मात्र दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली होती, आणि तेव्हा कळलं की ही टॉर्च त्या केबलने चार्जच होत नाही, तिला एका बाजूला जुनं चपटं टोक असलेलीच केबल लागते. ही खोड बऱ्याच टॉर्चमध्ये असते, विकत घेतल्या दिवशीच तपासून बघा. ती रात्र मी सोबत्याच्या उजेडात चाललो. म्हणजे माझी सावली कायम माझ्याच पायांवर.

यावर लॉकचा उपाय आहे, हे मला माहीत आहे. बटण लागोपाठ चारदा दाबलं की टॉर्च कुलूपबंद होते, परत चारदा दाबलं की सुटते. पुढचे सहा महिने मी तो नेमाने केला. त्यात दोन गोष्टी व्हायच्या. एक तर तो लक्षात ठेवून करावा लागतो, रोज, थकलेल्या हाताने. आणि दुसरी जास्त वाईट. रात्री तंबूबाहेर काहीतरी खसफसलं, मी झोपेतून उठून टॉर्च उचलली, दाबली, तर नुसती लुकलुक. चारदा दाबली की तीनदाच दाबली हे मोजण्यात मी अडकलो, मध्ये एकदा घाईत दोनदा जास्त दाबली गेली आणि तंबूच्या आत स्ट्रोब, म्हणजे भराभर लुकलुकणारा झोत, सुरू झाला. बाहेर जे काही होतं ते तेवढ्यात निघून गेलं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र बराच वेळ जांभळे गोळे नाचत होते.

मग शेपूट सैल करून ठेवायचं म्हणाल, तर तेही करून पाहिलं. इथे एक बारीक गोष्ट आहे, ती दुकानात कुणी सांगत नाही. शेपटाचं झाकण काढून आटे बघा. आटे नळीच्याच रंगाचे, काळे असतील तर त्यांच्यावरही मुलाम्याचा थर आहे आणि त्यातून वीज जात नाही. झाकण पाव फेरा सैल केलं की विजेचं मंडल तुटतं, टॉर्च मेली. आटे चांदीसारखे उघडे असतील तर झाकण सैल केलं तरी वीज आट्यांतूनच वाहत राहते. माझ्या बाजूच्या खटक्याचीचे आटे उघडे आहेत. ती बंद पाडायला दोन पूर्ण फेरे लागतात, तोवर रबरी कडी बाहेर डोकावते आणि पाणी आत जायला मोकळं. मागच्या खटक्याचीचे आटे काळे आहेत. संध्याकाळी सॅकमध्ये टाकताना पाव फेरा डावीकडे, काढताना पाव फेरा उजवीकडे. मोजायचं काही नाही. मनगटाला ते कळतं.

आणि तिचा खटकाही मुळात सहज दाबला जाणारा नाही. रबरी टोपीच्या दोन्ही बाजूंना धातूचे कान वर आलेले आहेत. मध्ये अंगठाच शिरतो, डब्याची कड नाही. ही अक्कल काही नवी नव्हे. अमेरिकी सैन्याची जुनी काटकोनी टॉर्च, दोन डी सेलची एमएक्स-९९१/यू, तिच्यातही खटक्याला आडोसा केलेला होता. पाठीवरच्या पिशवीत टॉर्च आपोआप लागते हे तेव्हाच्या लोकांना पुरेपूर ठाऊक असावं.

फौजी कामासाठी घेत असाल तर अर्धा दाब ही गोष्ट हाताळून बघाच. मागचा चांगला खटका अर्धा दाबला की उजेड, अंगठा उचलला की अंधार. पूर्ण दाबून ‘खट’ आवाज आला तरच तो लागून राहतो. सैन्यातला माझा एक मित्र म्हणतो, त्याला टॉर्च पेटायला किती वेळ लागतो याच्याशी देणंघेणं नाही, विझायला किती लागतो ते तो बघतो. हातातून निसटली तर ती आपोआप विझलेलीच हवी. काही टॉर्चमध्ये उलटं असतं, आधी पूर्ण खट करावं लागतं आणि मग अर्ध्या दाबाने पायरी बदलते. दिसायला दोन्ही खटके सारखेच, त्यामुळे वर्णनावर जाऊ नका, अंगठा ठेवून बघा. जाड हातमोजा घालून बघितलंत तर आणखी बरं. माझं सपाट बटण हातमोज्यातून सापडतच नाही, टॉर्च गोल गोल फिरवत बसावं लागतं.

डोंगरात याचाच दुसरा उपयोग. मदत मागायचा डोंगरी संकेत म्हणजे मिनिटात सहा इशारे, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन. अर्ध्या दाबाने ते लहान मूलही देईल. स्ट्रोब म्हणजे तो संकेत नव्हे, आणि बाजूच्या बटणाने सहा सुटे इशारे द्यायला गेलात तर चौथ्यापर्यंत टॉर्च भलत्याच पायरीवर गेलेली असते.

मग मागच्या खटक्याची निर्दोष आहे का? छे. ती कायम सगळ्यात मोठ्या उजेडातच पेटते. रात्री नुसती पाण्याची बाटली शोधायची असते आणि तंबूत फ्लडलाइट लागतो. अंधाराला सरावलेले डोळे एकदा दिपले की परत पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं जातात, शेजारी झोपलेल्याचे शब्द ऐकावे लागतात ते वेगळंच. मी तळहाताने काच झाकून मग दाबतो; बोटं लाल दिसतात आणि फटींतून येणारा उजेड पुरतो. हा जुगाड आहे, उत्तर नाही. बाजूच्या खटक्याची बटण दाबून धरलं की थेट काजव्यावर पेटते, आणि या एका बाबतीत ती इतकी सरस आहे की तंबूतलं आयुष्यच जास्त असेल तर तुम्ही तीच घ्यावी. (लाल दिव्याच्या मॉडेलांना मात्र मोहून जाऊ नका. लाल उजेडात डोळे दिपत नाहीत खरे, पण साध्या नकाशावरच्या तपकिरी समोच्च रेषाही दिसेनाशा होतात.)

दातेरी कड्याबद्दल लोक हसतात. माझ्याही दोन पँटींचे खिसे त्याने फाडलेत. पण टॉर्च तोंडावर उभी ठेवली आणि ती चालू राहिली असेल, तर दात्यांच्या फटींतून उजेड दिसतो, तेवढं त्याचं पुण्य. आणि लोहचुंबक सोयीचा आहे, फक्त होकायंत्र त्याच्या जवळ नेऊ नका. माझी सुई एकदा तिकडेच वळून बसली होती आणि मी ती उत्तर समजून चाललो होतो, सुदैवाने थोडंच.

मागचा यांत्रिक खटका झिजतो हेही खरं. माझा चौथ्या वर्षी अडखळायला लागला. शेपूट उघडलं, आतली कडी काढली, नवा खटका टाकला, पंधरा मिनिटांचं काम. बाजूचं बटण ज्या पट्टीवर बसवलेलं असतं ती बंद डोक्याच्या आत असते. ते गेलं की टॉर्च गेली.

ज्याला गाडीत, तंबूत, मुक्कामावर वापरायची आहे आणि रोज चार्ज करायची सोय आहे, त्याने बाजूच्या खटक्याची घेतली तर मी मोडता घालणार नाही. फक्त काळ्या आट्यांची शोधा. जिला महिनाभर कुणी बघणार नाही आणि मग एका रात्री लागलीच पाहिजे, अशी हवी असेल तर मी कुठे झुकतो ते एव्हाना कळलंच असेल. माझ्यावर ओढवलेला प्रसंग तुमच्यावर ओढवेलच असं नाही, त्या हिशेबाने माझं मत थोडं कमी धरा.

बाजूच्या खटक्याची मी टाकून दिलेली नाही. गाडीच्या बॉनेटला आतून चिकटवून काम करायला तिच्यासारखी दुसरी नाही. डोंगरात नेतो तेव्हा तिचा सेल वेगळ्या डबीत असतो.