मुंबईचे काँक्रीट रस्ते : स्लॅब पास, सांधे काठावर

मुंबई महापालिकेकडे सुमारे 2,050 किलोमीटर रस्ते आहेत. त्यातले जवळपास 700 किलोमीटर दोन टप्प्यांत काँक्रीटचे करायचं काम काढलं, गुणवत्तेवर नजर ठेवायला आयआयटी मुंबईला नेमलं आणि 2025 मध्ये 31 मे ही पावसाआधीची मुदत धरून ओतकाम रेटलं. मालाच्या बाबतीत फार कुरकुर करायला जागा नाही. खाली डीएलसीचा (कमी सिमेंटच्या, कोरडसर काँक्रीटचा) थर, त्यावर प्लास्टिकचा कागद, वर एम 40 ताकदीचं काँक्रीट, सांध्यात दोन स्लॅब जोडणारे लोखंडी डॉवेल बार. कागदावर सगळं बरोबर आहे. असा रस्ता बिघडतो तो शेवटच्या पंधरा-वीस दिवसांत, म्हणून हे परीक्षण त्या टप्प्याचं.

सगळ्यात नाजूक काम सांधे कापण्याचं. काँक्रीट आवळताना आक्रसतं, त्यामुळे भेग पडणारच. ती कुठे पडावी हे आपण आधी ठरवून द्यायचं, एवढाच सांध्याचा हेतू. साधारण दर साडेचार मीटरला, स्लॅबच्या जाडीच्या पाव ते एकतृतीयांश खोलीपर्यंत, 3-4 मिलिमीटर रुंद काप घ्यायचा. वेळ हवामानावर ठरते. मे महिन्याच्या उकाड्यात रात्री 11 ला ओतलेल्या पट्ट्यावर कटर पहाटेच फिरायला हवा. लवकर कापलं तर कडांची खडी उपटते, आणि कटरवाला दहा वाजता उगवला तर भेग आधीच पडून गेलेली असते. असा सांधा लगेच ओळखू येतो : सरळ कापलेली रेघ, आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर वाकडीतिकडी धावणारी खरी भेग. ती आरपार असेल तर वरून केमिकल भरून उपयोग नाही, दोन सांध्यांमधला अख्खा तुकडा, म्हणजे पॅनेलच काढावं लागतं. उलट पृष्ठभागावरच्या जाळीसारख्या बारीक भेगा दिसायला वाईट, पण बहुधा वरवरच्या. वारं आणि ऊन लागून किंवा फिनिशिंग करताना पाणी शिंपडल्याने त्या पडतात.

डॉवेल बार गुळगुळीत सळईचे का असतात, हे लक्षात घ्या. स्लॅब गरम-थंड होताना सरकला पाहिजे, म्हणून बारचं एक टोक मोकळं राहतं. बार ज्यावर टेकवतात ती लोखंडी चेअर हलून बार तिरके झाले की सांधा जखडतो आणि तडा शेजारी जातो. ओतल्यावर हे कुणालाच दिसत नाही, तपासायचं तर ट्रक यायच्या आधी.

ट्रक म्हणजे आरएमसीचा, कारखान्यात कालवून आणलेल्या तयार काँक्रीटचा. वाहतुकीत अडकून माल घट्ट झाला की ड्रममध्ये नळीने पाणी सोडायचा मोह होतो. स्लम्प टेस्ट त्यासाठीच असते : 30 सेंटिमीटर उंच शंकूत तीन थरांत माल भरायचा, प्रत्येक थराला 25 वेळा सळईने ठोसायचं, शंकू उचलायचा आणि ढीग किती खचला ते मोजायचं. मात्र पाणी सोडण्याआधीच्या मालाचे क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) भरले तर 28 दिवसांनी निकाल झकास येतो आणि रस्त्याचा वरचा पापुद्रा दोन पावसाळ्यांत झडतो. नमुना ट्रकच्या चुटीतून (माल ओतायच्या पन्हळीतून), शेवटच्या क्षणी घेतलेलाच खरा.

क्युरिंगला, म्हणजे ओतलेलं काँक्रीट ओलं ठेवण्याला, आम्ही पाचपैकी तीन देऊ. किमान 14 दिवस ओल टिकली पाहिजे. वाफे करून पाणी साठवलं तर उत्तम, गोणपाट अंथरलं तरी चालतं. पण दुपारी दोनला गोणपाट हातात घेऊन पाहा, पापडासारखं कडक असेल तर त्याचा काही उपयोग नाही. शिवाय टँकर मधल्या भागावर पाणी मारून जातो आणि कडा कोरड्या राहतात. कोपरे तुटायला सुरुवात तिथूनच होते.

सर्वात कमी गुण उतार आणि झाकणांना. दोन टक्के उतार म्हणजे साडेतीन मीटरच्या लेनला 7 सेंटिमीटर. तो दिला तरी गटाराची जाळी स्लॅबपेक्षा बोटभर वर राहिली तर पाणी तिथेच साचतं. मॅनहोलची चौकट बसवताना तिच्याभोवती वेगळा सांधा सोडला नाही, तर चारही कोपऱ्यांतून भेगा निघतात. कडेच्या केबलसाठी डक्ट (रिकामे पाइप) टाकले नसतील तर पुढे चर पडणार, आणि काँक्रीटमध्ये बुजवलेला चर डांबरापेक्षा जास्त दिसतो, जास्त वाजतो. झाडांच्या बुंध्यांभोवतीची 1 मीटर मोकळी जागाही घाईत काँक्रीटखाली जाते.

सांध्यात सीलंट (पाणी अडवणारा लवचिक मसाला) भरणं सगळ्यात शेवटी येतं आणि सगळ्यात जास्त वेळा राहून जातं. खाच रुंद करून, धूळ हवेने उडवून, खाली बॅकर रॉड (फोमची दोरी) बसवून मगच सीलंट. ओल्या किंवा मळक्या खाचेत भरलेलं सीलंट नखाने ओढलं तरी दोरीसारखं निघून येतं. मग पावसाचं पाणी खाली झिरपतं, जड गाडी गेली की सांध्यातून चिखल उडतो. असा चिखल दिसला तर खालची भर पोकळ होऊ लागली आहे.

या कंत्राटांत दोषदायित्व कालावधी (कंत्राटदाराने दोष दुरुस्त करून द्यायची मुदत) 10 वर्षांचा आहे, तेव्हा दुरुस्ती फुकटच मिळायला हवी. भेगेवर एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, शेजारच्या दिव्याच्या खांबाचा नंबर लिहा आणि महापालिकेच्या 1916 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. हे पहिल्या पावसाआधी एकदा आणि ऑक्टोबरात पुन्हा एकदा, त्याच जागी.