एप्सिलॉन लहान असेल तर कुठली पद्धत घ्यावी?

नागपूरच्या मे महिन्यात कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसलेले एमएस्सीचे विद्यार्थी दरवर्षी हेच विचारतात: सर, डिझर्टेशनला अपविंड घेऊ, फिटिंग घेऊ की शिश्किन? ज्या डिफरन्शियल समीकरणात सर्वात वरच्या डेरिव्हेटिव्हला एप्सिलॉन हा अगदी छोटा आकडा गुणलेला असतो, ते संगणकावर सोडवायच्या या पद्धती.

मी आधी एक गणित करायला लावतो. वजा एप्सिलॉन गुणिले यू-डबल-डॅश, अधिक यू-डॅश, बरोबर १ (डॅश म्हणजे पहिला डेरिव्हेटिव्ह, डबल-डॅश म्हणजे दुसरा). शून्य आणि एक या दोन्ही टोकांना यू शून्य. एप्सिलॉन ०.०००१. उत्तर जवळजवळ १ पर्यंत सरळ चढतं आणि उजव्या टोकाशी कड्यावरून पडावं तसं शून्यावर येतं. तो कडा म्हणजे बाउंड्री लेयर. जर्मन शास्त्रज्ञ प्रांटल यांनी १९०४ साली द्रवाच्या प्रवाहासाठी मांडली तीच कल्पना.

सेंट्रल डिफरन्स (उतार दोन्ही बाजूंच्या शेजारच्या बिंदूंवरून काढणारी नेहमीची पद्धत), ६४ समान भाग: शेवटून दुसऱ्या बिंदूवर खरं उत्तर ०.९८, हाती येतं सुमारे २.४, त्याच्या अलीकडच्या बिंदूवर ०.०३. नुसता करवतीचा दात! हे थांबवायला ५,००० हून जास्त भाग लागतात. सोडा.

अपविंड उतार फक्त प्रवाह येतो त्या बाजूच्या, इथे डाव्या, बिंदूवरून काढते. दिसायला शहाणी, आणि म्हणूनच फसवी. ६४ भागांवर त्या बिंदूवरची चूक जेमतेम ०.००६. विद्यार्थी खूश होतो, भाग वाढवत नेतो, आणि १०,००० भागांवर चूक ०.१३ होते. मेहनत वाढली, उत्तर बिघडलं! कारण ६४ भागांत लेयरमध्ये एकही बिंदू पडलाच नव्हता.

ॲलन-साउथवेल आणि इलिन यांचं एक्स्पोनेन्शियल फिटिंग (एप्सिलॉनच्या गुणकातच घातांकी दुरुस्ती बसवणारी पद्धत) या गणितात प्रत्येक बिंदूवर अचूक उत्तर देतं. एक मिती असेल, फक्त बिंदूंवरच्या किमती हव्या असतील, तर खुशाल घ्या. पण लेयरच्या आत काय चाललंय ते समान भागांवर दिसत नाही, आणि दोन मितींत पॅराबोलिक लेयर (प्रवाहाला समांतर कडेचा लेयर) आला की समान मेशवर, म्हणजे बिंदूंच्या समान जाळीवर, नुसत्या फिटिंगने भागत नाही. हे शिश्किन यांनीच दाखवलं.

वर्ध्याहून नागपूरला येताना बुटीबोरीपर्यंत गाडी सुसाट. ब्रेक लागतात ते सीताबर्डीच्या चौकांत. तसंच शिश्किन मेश अर्धे भाग मोकळ्या रस्त्याला देते, अर्धे लेयरच्या चिंचोळ्या पट्ट्याला. ६४ भागांसाठी पट्टा सुमारे ०.०००८३ रुंद, त्यात ३२ भाग. त्यावर अपविंड लावा. एप्सिलॉन कितीही लहान करा, चुकीची मर्यादा तीच राहते. बाख्वालोव्हची १९६९ ची मेश याहून अचूक, पण तिचा जोडबिंदू (मोकळा रस्ता संपून पट्टा सुरू होतो तो बिंदू) काढायला वेगळं समीकरण सोडवावं लागतं. डिझर्टेशनला माझं मत शिश्किनलाच.

फक्त लेयर कुठल्या टोकाला आहे ते आधी नक्की करा. एकाने यू-डॅशचं चिन्ह उलट वाचलं आणि ३२ भाग डाव्या टोकाला ओतले. आलेख इतका गुळगुळीत आला की पहिल्यांदा मलाही चूक दिसली नाही.