बोटीवरचं पोर्टेबल टॉयलेट: पावसाळा उलटल्यावरचा अनुभव, आणि मुख्यतः त्या एका सीलबद्दल

नेहमीचं दोन टाक्यांचं पोर्टेबल टॉयलेट आहे, वर 15 लिटर पाणी, खाली 21 लिटरची मैल्याची टाकी, मधे सरकणारी झडप. बाकी स्पेक्स सगळीकडे सापडतात, ते सोडतो. मला लिहायचंय त्या झडपेला चिकटून बसणाऱ्या रबरी सीलबद्दल. मनगटात घालायच्या बांगडीपेक्षा थोडं मोठं एक काळं रबर, आणि त्यापायी आमचा निम्मा सीझन गेला.

आमची 26 फुटी जुनी शिडाची बोट आहे, दोघा-तिघांत मिळून घेतलेली, मुंबई हार्बरात मूरिंगला (पाण्यातच नांगराला बांधून) असते. दुपारी वायव्येचा वारा चांगला असतो पण मधेच पडला तर मांडव्याहून परत यायला अर्धा दिवस जातो. पूर्वी घरातल्या बायका बोटीवर यायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून पाणी पिणं कमी करायच्या, आई तर यायचंच टाळायची. म्हणून हे घेतलं. फिक्स मरीन टॉयलेट बसवायचं तर बोटीच्या बुडाला पाण्याखाली भोकं पाडा, सीकॉक (त्या भोकांचे व्हॉल्व्ह) बसवा, होल्डिंग टँक (मैला साठवायची टाकी), पाइप, सगळा खर्च बोटीच्या किमतीच्या मानाने परवडणारा नव्हता. हे उचललं, ठेवलं, पट्टे मारले, झालं. पहिल्या सीझनला एक थेंब गळला नाही आणि आई मुरुडपर्यंत जाऊन आली, त्यामुळे तेव्हा विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

पावसाळ्यात बोट वर काढली, सप्टेंबर संपताना परत पाण्यात घातली, आणि नंतर पहिल्यांदा वाऱ्यात एका बाजूला चांगली कलती चालवली त्याच दिवशी केबिनच्या फळ्यांखाली निळसर ओल. वास येतच होता. आमचा तांडेल (बोट सांभाळणारा) म्हणाला, "दादा, टाकीला तडा गेलाय, नवीन घ्या." सर्व्हिसवाल्यांना फोन केला तर तेही बघायच्या आधीच तेच, टाकी बदला. खालच्या टाकीचा भाव अख्ख्या टॉयलेटच्या निम्म्याहून जास्त सांगितला. वर वॉरंटीचं विचारलं तर म्हणे हे कॅराव्हॅनसाठी (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरासाठी) आहे, बोटीवर वापरलं की वॉरंटी नाही. मग बॉक्सवर बोटीचं चित्र कशाला छापलंय? हे मी त्यांना विचारलं, उत्तर आलं नाही, नंतर फोन उचलणंही बंद झालं. कंपनीचं नाव घेत नाही, पण ही वागणूक डोक्यातून जात नाही.

तर गळती शोधायची कशी, हे नीट सांगतो कारण इथेच लोकांचे पैसे जातात. खालच्या टाकीतलं केमिकल निळं असतं. टाकी रिकामी आणि स्वच्छ करून खाली निळं पाणी घातलं, वरच्या पाण्यात खायचा लाल रंग घातला, आणि सगळ्या जोडांखाली पांढरे टिश्यू पेपर पसरून ठेवले. टिश्यू लाल झाला तर वरची टाकी किंवा फ्लशचा पंप, निळा झाला तर खालचं. आमचा निळा झाला. मग खालची टाकी वेगळी काढून, तीन-चार लिटर पाणी भरून, झडप बंद करून पेपरवर उलटी धरली. टाकीचं प्लॅस्टिक शाबूत, ओतायच्या नळीचं झाकण कोरडं, आणि झडपेच्या एका कडेवरून बारीक धार. दोन बोटांएवढ्या जागेत सील चपटं पडलेलं, कडेला कागदाचा तंतू अडकून वाळलेला. तडा-बिडा काही नव्हता! ज्यांनी न बघता टाकी बदला सांगितलं त्यांच्यावर राग का येतो ते आता कळेल.

सील चपटं का पडतं? मॅन्युअलमध्ये लिहिलंय की थंडीत टॉयलेट बंद ठेवायचं असेल तर टाकी सुकवून, सीलला वंगण लावून, झडप उघडी ठेवा. आपल्याकडे थंडीतच तर बोटी चालतात. आपली "थंडी" म्हणजे जून ते सप्टेंबर, आणि तेव्हा दमट गरम शेडमध्ये झडप बंद राहिली की रबर चार महिने दाबून राहतं, तसंच बसतं, परत फुगत नाही. कोकणात, गोव्यात विकायचं तर हे एक वाक्य बदलून छापायला किती खर्च येतो? ज्यांच्याकडे आहे त्यांनी बोट वर काढाल तेव्हा झडप आणि नळीचं झाकण दोन्ही उघडं ठेवा.

वंगण म्हणजे सिलिकॉनचंच. तांडेलाने खोबरेल लावू का विचारलं, इंजिनवाल्याने ग्रीस दिलं, बहुतेक घरात व्हॅसलीन असतंच. तिन्ही नको. तेलाने आणि पेट्रोलियमने असं रबर फुगतं, मऊ पडतं. टॉयलेट धुवायचं ॲसिड आणि ब्लीच पण नको, सील कडक होतं. कोमट पाणी, साधा सौम्य साबण, मऊ फडकं, मग सिलिकॉनचा पातळ हात, बस.

आता सील मिळवायचं. इथे सुटं मिळत नाही असं ठाम सांगितलं गेलं. नागदेवी स्ट्रीटला गेलो, तिथल्या माणसाने व्हर्नियर लावून नळीच्या झाकणाची ओ-रिंग (गोल रबरी कडं) दोन मिनिटांत काढून दिली, चहाच्या पैशात, ती पण बदलून टाकली जाता जाता. पण झडपेचं सील ओठासारखं वळलेलं असतं, गोल ओ-रिंग तिथे बसत नाही, हे त्यानेच समजावलं आणि उगाच काहीतरी गळ्यात मारलं नाही, त्याबद्दल त्याचे आभार. शेवटी भाचा इंग्लंडला असतो त्याने आणलं. तिकडे कालव्यांवर लोक बोटीतच राहतात, ही टॉयलेटं सर्रास, टाकी रिकामी करायला काठावर एल्सन पॉइंट असतात आणि असलं सील बोटीच्या सामानाच्या दुकानात सुटं मिळतं. म्हणजे वस्तू आहे, बनते, विकली जाते, फक्त आपल्याला टाकी घ्या म्हणतात. जुनं सील खोबणीतून नखाने निघालं, खोबण पुसली, नवीन बसवलं, उलटी टाकी रात्रभर पेपरवर, सकाळी पेपर कोरडा.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि रेटिंग पण ठरवलं होतं. मग एप्रिलमध्ये परत ओल आली, आणि मत थोडं बदललं.

या वेळी सील नवं कोरं होतं. निरीक्षण केल्यावर लक्षात आलं की बोट दुपारभर बंद राहिली की मगच होतंय. केबिन बंद, आत 45 डिग्री सहज. सकाळी 25 डिग्रीला बंद केलेली टाकी 45 ला गेली की आतल्या हवेचाच दाब साधारण 7 टक्के वाढतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला 70 ग्रॅमच्या आसपास. झडपेचा व्यास 10 सेंटीमीटर धरला तर तिच्यावर आतून साडेपाच किलोचा रेटा. यात वाफेचा आणि कुजण्यातून होणाऱ्या गॅसचा दाब धरलेलाच नाही. त्यात टाकी पाऊणच्या वर भरलेली आणि बोट कललेली असली की पाणी झडपेपर्यंत येतं आणि तो रेटा ते बाहेर ढकलतो. कॅराव्हॅन कलत नाही, बोट कलते, हा फरक खरा आहे आणि तेवढ्यापुरतं सर्व्हिसवाल्यांचं म्हणणं मी मान्य करतो. पण मग बोटवाल्यांना विकताना सांगा ना.

आता आम्ही वापरायच्या आधी झाकण बंद ठेवून झडप जराशी उघडतो, फुस्स करून हवा जाते, मग नीट बंद. झाकण उघडं ठेवून हे केलं तर तोंडावर उडतं, पाहुण्यांना आधी सांगून ठेवा. टाकी अर्धी झाली की रिकामी, इंडिकेटरची वाट बघत नाही. वरचा हॅच (केबिनच्या छताचं झाकण) किंचित उघडा आणि खिडकीला पांढरं कापड, त्याने केबिन खूप कमी तापते. पट्टे पण बदलले, कारण कलल्यावर वरची टाकी खालच्यावर किंचित सरकायची आणि सीलची एक बाजू मोकळी पडायची. दोन्ही टाक्यांना मिळून आडवा घट्ट पट्टा लागतो, नुसती मागची क्लिप पुरत नाही. हे केल्यापासून मे अखेरपर्यंत फळ्यांखाली कोरडं.

रिकामं करण्याबद्दल थोडक्यात. भरलेली टाकी 20 किलोच्या वर जाते, हलत्या बोटीतून डिंगीत (छोट्या होडीत) उतरवायला दोन माणसं लागतात, म्हणूनही अर्ध्यावर काढा. आम्ही मांडव्याच्या घरी संडासात ओततो, तिथे सेप्टिक टँक आहे, त्यामुळे फॉर्मल्डिहाइडवालं केमिकल बंद केलं, ते टँकमधले जिवाणू मारतं. बरेच जण सरळ समुद्रात ओततात. मार्पोलचं (जहाजांच्या प्रदूषणाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचं) चौथं परिशिष्ट आंतरराष्ट्रीय सफरीवरच्या 400 ग्रॉस टन व त्यापुढच्या किंवा 15 च्या वर माणसं नेणाऱ्या जहाजांना लागू, त्यांनाही कच्चा मैला 12 सागरी मैलांच्या आत सोडायला बंदी आहे. आपली बोट त्यात बसत नाही हे खरं, पण आपण ओततो तिथे कोळ्यांची जाळी असतात आणि किनाऱ्यावर पोरं पोहत असतात. नका करू.

मार्क: टाकी आणि पंप यांना पाचपैकी साडेचार, प्लॅस्टिक खरंच दणकट आहे. सर्व्हिसला शून्य. घ्यायचंच असेल तर पैसे देण्याआधी दुकानदाराला एकच विचारा, झडपेचं सील सुटं आणून देणार का, आणि हो म्हणाला तर तिथेच त्याच बिलात दोन घ्या. माझ्याकडे एक जादा आहे, पण ते यंदाच्या सप्टेंबरसाठी ठेवलंय, मागू नका.