नंबरचा स्नॉर्कल मास्क : आठ महिने, एक बेट आणि माझी मिशी

माझा उजव्या डोळ्याचा नंबर उणे साडेचार, डाव्याचा उणे तीन. चष्मा काढला की आमच्या सोसायटीच्या पोहण्याच्या टँकचं पलीकडचं टोकही मला अंदाजानेच माहीत. जानेवारीत अंदमानला, त्यातही नील बेटावर चार दिवस निवांत राहायचं ठरलं (2018पासून त्याचं नाव शहीद द्वीप आहे, पण तिकडे सगळे नीलच म्हणतात), तेव्हा तिकिटांआधी मी नंबरचा मास्क घेतला, म्हणजे पाण्यावर पालथं तरंगत खालचं बघायचा, पण चष्म्याच्या नंबरच्या काचा बसवलेला. नोव्हेंबरात घेतला, आता जुलै संपत आला.

लेन्ससकट पावणेचार हजार पडले. दोन वेगळ्या काचांचा मास्क असेल तरच तयार नंबरची काच बसवता येते. या काचा अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने मिळतात. सिलिंडर (डोळ्याच्या आडव्या-उभ्या वक्रतेतल्या फरकाचा वेगळा नंबर) सहसा मिळत नाही. असलाच तर त्याचा निम्मा भाग मूळ नंबरात मिळवून काम भागवतात.

इथेच पहिला घोटाळा झाला. टँकमध्ये दोन दिवस डोकं गरगरत होतं. कानात पाणी गेलं असेल म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी एकेक डोळा मिटून पाहिला, तर दुकानदाराने डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवलेली! परत गेलो तर म्हणतो, "पाण्यात एवढं कुठे कळतं साहेब?" दोन खेपा घातल्यावर बदलून मिळाल्या. दुकानातच एकेक डोळा झाकून समोरची पाटी वाचून बघा.

दुसरी अडचण वाफेची. नव्या काचेवर आतून कारखान्यातला पातळ थर असतो. साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने चोळून तीनदा धुतली तेव्हा तो गेला. आता पाण्यात उतरण्याआधी लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब आतून फिरवायचा आणि किंचित विसळायचं. तेवढं पुरतं.

तिसरी अडचण मिशी. सिलिकॉनची कड ओठावर घट्ट बसत नाही, केसांमधून पाणी झिरपतं आणि पाच मिनिटांत नाक बुडतं. हिने दोन पर्याय दिले : "अहो, एक तर मिशी काढा, नाहीतर मास्क परत करा." मी तिसरा काढला. नाकाखालची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी तासली. गळती जवळपास थांबली. ऑफिसात कुणाच्या लक्षातही आलं नाही, याचं मात्र थोडं वाईट वाटलं.

आता बेटाबद्दल. तिकडे घड्याळ आपलंच, पण सूर्य पुण्यापेक्षा साधारण सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतोही आधीच. म्हणजे पहाटे सव्वापाचला झुंजूमुंजू आणि संध्याकाळी सहाला अंधार. त्यात भरती-ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. भरतपूरच्या किनाऱ्यावर ओहोटीला प्रवाळ उघडं पडतं. पोहायला गेलात तर पोट खरचटून घ्याल. आम्ही पहिला दिवस असाच घालवला. नंतर ओहोटीच्या वेळा लक्ष्मणपूरच्या नैसर्गिक पुलासाठी राखल्या (तिथे ओहोटीलाच जाता येतं) आणि भरतीच्या वेळा मास्कसाठी.

आणि मग दिसलं! एक पोपट मासा, निळा-हिरवा, हातभर अंतरावर, प्रवाळावर दातांनी चावे घेत होता. तो आवाज पाण्यात ऐकू येतो, कुणी शेजारी बसून कडक चकली खावी तसा. दगड कुरतडायचा, कामाचं तेवढं पोटात ठेवायचं आणि उरलेली वाळू मागून सोडायची. बिनचष्म्याने मला तिथे एक निळा डाग दिसला असता. मी नकळत पाय टेकवायला गेलो तसा गाईड ओरडला, "दादा, खड़ा मत होना!" प्रवाळ जिवंत असतं. किनाऱ्यावरचं मेलेलं प्रवाळसुद्धा घरी आणायला बंदी आहे.

सकाळी उपाशीपोटी उतरायचं, फार तर दोन केळी. स्नॉर्कलमधून, म्हणजे तोंडात धरायच्या नळीतून, श्वास घेताना पुरीभाजी वर येते, हे अनुभवाने सांगतो. नंतरची भूक मात्र राक्षसी असते. बेटावर बरीच वस्ती पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची, त्यामुळे जेटीजवळच्या बाजारात भाताचं ताट बंगाली वळणाचं. मोहरीच्या रश्शातला मासा मागवला. मोहरी आपल्या फोडणीतली नव्हे. लोणच्यासाठी फेसतो तशी, थेट नाकात जाणारी. नाकावर मास्कचा वण, आत मोहरी. तरी दुसरा भात घेतला. पोपट मासा पाहिल्यावर प्रवाळातले मासे खाववेनात, म्हणून ट्यूना आणि सुरमईवर राहिलो. हिचं शाकाहारी जेवणही छान झालं, कारण नील भाजीपाला पिकवणारं बेट आहे. वांगी, भोपळा, पालेभाजी, सगळं तिथलंच. मासे नको म्हणणाऱ्यांनी घाबरू नका, फक्त रात्री आठच्या आत जेवून घ्या.

मार्चमध्ये मास्क तारकर्लीला नेला. पाणी गढूळ होतं, त्यात तो तरी काय करणार.

आठ महिन्यांनंतरची अवस्था : पारदर्शक सिलिकॉन कडेला पिवळं पडलंय, एक बकल तुटलं आणि वेगळं मिळायला महिना लागला. पुढच्या वेळी काळं सिलिकॉन घेईन. काचाही अर्धा नंबर कमीच्या घेईन. पाण्यात वस्तू सुमारे पाव अंतराने जवळ दिसते, शिवाय माझ्या बावन्न वर्षांच्या डोळ्यांना पूर्ण नंबरातून मनगटावरचं घड्याळ वाचता येत नाही. नंबर दोनच्या आत असेल तर साधा मास्क घ्या, चालतं.

कड वाकू नये म्हणून मास्क कडक डब्यात ठेवायचा असतो. बरोबर आलेला डबा मेमध्येच फुटला. सध्या मास्क माळ्यावर चकलीच्या डब्यात आहे आणि दिवाळीआधी डबा रिकामा करून घासून द्यायची ताकीद मिळाली आहे.