ट्यूबवरची फरशी की भिंतीतली फळी?

टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, कशावर ठेवायचं हे ठरवण्याआधी सुई कशाने थरथरते ते बघा. परभणीत आमच्या वरच्या मजल्यावर दोन्ही दुखणी होती: उन्हाळाभर खिडकीतल्या कूलरची घरघर आणि बारा महिने नातवाच्या उड्या.

आधी चार वर्षं फरशीवर काढली. खाली सायकलची ट्यूब, निम्मी हवा भरलेली. तिच्यावर शहाबादीचा जाड तुकडा. खर्च जवळपास नाहीच. कूलरवर हा उपाय लागू पडला; गुणगुण निदान माझ्या कानाला तरी येईनाशी झाली. पण मऊ हवेवरचं जड वजन स्वतःच संथ डोलतं, आणि पावलांचा धक्काही साधारण त्याच चालीचा. टोनआर्म (सुई धरणारा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाची सुईची डबी) या जोडीचं स्वतःचं कंपन 8 ते 12 हर्ट्झच्या आसपास असलं तर बरं, असं मानतात. त्याच्या जवळपासचं खालून काही आलं की सुई बिथरते. नातू पळाला की ती खाच सोडायची.

तेही सोसलं असतं. वैताग आणला तो हवेने. आठ-दहा दिवसांत ती उतरायची, आणि टर्नटेबलचं वजन सगळीकडे सारखं नसल्याने फरशी एका अंगाला कलायची. मग पंप काढा, पाणसळ ठेवा, पुन्हा थोडी हवा सोडा. ती पाणसळ कायम रेकॉर्डांशेजारी पडलेली. पाहुणे विचारायचे, बांधकाम काढलंय का? विलंबित ऐकायला बसायचं आणि आधी अर्धा तास पंप मारायचा!

शेवटी नऊ इंची भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून सागवानी फळी बसवली. स्लॅब मधोमध जास्त हलतो, भिंत फारशी हलत नाही; उड्यांचा प्रश्न त्याच दिवशी मिटला. घरघर थोडी परत आली, हे कबूल. कूलर पलीकडच्या खिडकीत नेल्यावर ती मला खटकेनाशी झाली.

तुमचा कूलर दुसरीकडे हलवता येत नसेल आणि घरात उड्या मारणारं कुणी नसेल, तर ट्यूब वाईट नाही. चार इंची पार्टिशनवर फळी नकोच, ते ढोलकीसारखं घुमतं. माळवदाच्या घरातल्या पांढऱ्या मातीच्या भिंतीत तर स्क्रूच धरत नाही. उलट थोरेन्स, लिन अशा कंपन्यांचं स्प्रिंगवरचं टर्नटेबल ट्यूबवर ठेवणं म्हणजे झोक्यावर पाळणा. त्याला हलकी, ताठ फळीच मानवते, असं मला वाटतं.

माझी ट्यूब आता नातवाच्या सायकलीत आहे.