एलव्हीएम : लिनक्सवरील जागेचे लवचिक व्यवस्थापन नवख्यांना कितपत पेलते?

लिनक्स बसवताना रूटला (प्रणालीच्या भागाला) किती जागा द्यावी आणि होमला (स्वतःच्या फाइलींच्या भागाला) किती, या प्रश्नाशी नवखा वापरकर्ता हमखास अडखळतो. साध्या पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या ठरावीक विभागात, चुकलेला अंदाज सुधारायचा तर बहुधा शेजारचे पार्टिशन सरकवावे लागते, आणि ते काम वेळखाऊ व जोखमीचे असते. हाइन्झ मौएल्सहागेन यांनी १९९८ मध्ये एचपी-यूएक्स या एचपी कंपनीच्या युनिक्स प्रणालीतील व्यवस्थेच्या धर्तीवर लिहिलेला लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर, म्हणजेच एलव्हीएम, हा निर्णय पुढे ढकलण्याची मुभा देतो, आणि एवढ्या एका गुणासाठी मी तो आवर्जून सुचवतो.

त्याची रचना समजायला अवघड नाही. डिस्क किंवा पार्टिशन हे फिजिकल व्हॉल्यूम होते, अशा व्हॉल्यूमचा मिळून एक ग्रुप बनतो, आणि त्या ग्रुपमधून हवी तेवढी जागा घेऊन लॉजिकल व्हॉल्यूम तयार करता येतो. जागेचे वाटप साधारणपणे ४ मेबीबाइटच्या तुकड्यांमध्ये, म्हणजे एक्स्टेंटमध्ये, होते व हे एक्स्टेंट सलग असावे लागत नाहीत. म्हणूनच होम भरत आल्यावर ग्रुपमधील मोकळी जागा, मग ती दुसऱ्या डिस्कवर का असेना, त्याला जोडता येते. ‘एलव्हीएक्स्टेंड’ या आज्ञेला ‘आर’ हा पर्याय दिला, तर त्यावरील फाइल सिस्टिमही (फाइली मांडून ठेवणारी रचना) त्याच वेळी वाढते, आणि ती एक्स्ट४ प्रकारची असो वा एक्सएफएस, त्यासाठी ती अनमाउंट करावी, म्हणजे वापरातून काढावी, लागत नाही. ‘पीव्हीमूव्ह’ने चालू यंत्रावरच जुन्या डिस्कवरील मजकूर नव्या डिस्कवर हलवता येतो, ही सोय तर मला फारच मोलाची वाटते.

जागा कमी करणे मात्र इतके सुखाचे नाही. एक्स्ट४ आधी अनमाउंट करावी लागते आणि एक्सएफएस लहान करण्याची सोय व्यवहारात नाहीच. त्यामुळे सुरुवातीला व्हॉल्यूम बेताचेच ठेवून ग्रुपमध्ये मोकळी जागा राखणे शहाणपणाचे आहे. उबंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर बरेचदा असेच करतो. ‘अर्धी डिस्क गेली कुठे’ असे वाटून घाबरून जाण्याचे कारण नाही.

दोन डिस्क एका ग्रुपमध्ये जोडल्या म्हणजे माहिती सुरक्षित झाली, हा समज घातक आहे. मिरर केलेला, म्हणजे दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब प्रत ठेवलेला, नसेल, तर दोन्ही डिस्कवर पसरलेला व्हॉल्यूम त्यांतील एक बिघडताच हातचा जाऊ शकतो. स्नॅपशॉट, म्हणजे व्हॉल्यूमची एका क्षणीची टिपलेली स्थिती, हाही बॅकअप नव्हे, कारण तो त्याच ग्रुपमध्ये राहतो आणि पारंपरिक प्रकारात त्याची राखीव जागा भरली की निकामी होतो.

उणीव सांगायची तर बहुतेक कामे टर्मिनलवरच करावी लागतात. जीपार्टेडसारखे पार्टिशन हाताळणारे लोकप्रिय चित्ररूप साधनही लॉजिकल व्हॉल्यूमचा आकार बदलून देत नाही. पर्यायही आहेत : फेडोरा ३३ या लिनक्स वितरणाने २०२० मध्ये डेस्कटॉपसाठी बीटीआरएफएस या जागेची लवचिकता स्वतःच पुरवणाऱ्या फाइल सिस्टिमचा मूळ पर्याय म्हणून स्वीकार केला. एकाच डिस्कचा लॅपटॉप असेल आणि होम वेगळे ठेवायचे नसेल, तर एलव्हीएमवाचून काही अडत नाही. पण पुढे डिस्क वाढवण्याचा विचार असेल, तर तो पहिल्याच दिवशी निवडावा, कारण भरलेल्या साध्या पार्टिशनवरून नंतर त्याकडे वळणे बरेच कष्टाचे असते.